युरोपात कोणतं कन्सोल कुठं जास्त खपतं? देशवार तुलना करायची तर कशी करावी?

गोदाकाठचा_गेमर (मूळ नांदेड, सध्या छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला विषय घेतलाय 'युरोपीय देशांमधली व्हिडिओ गेम कन्सोलची विक्री'. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. सर म्हणाले, "सोयाबीनचे भाव घे की, मोंढ्यात जाऊन आकडे उतरवून आणशील." पण मी हट्टानं हाच घेतला.

अडचण अशी की सोनीचं प्लेस्टेशन २ (पीएस२) जगभरात १६ कोटींच्या घरात गेलं, हे लगेच सापडतं. त्यातली स्पेनमध्ये किती आणि पोलंडमध्ये किती, हे विचारलं की सगळे गप्प. जे आकडे मिळतात ते एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचा 'युरोप' म्हणजे पाच देश, दुसऱ्याचा वीस-बावीस, तिसऱ्यानं तर ऑस्ट्रेलियासुद्धा युरोपात घातलाय. त्यात ब्रिटनमध्ये मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स चांगलं चालतं आणि स्पेनमध्ये कुणी विचारत नाही असं सगळीकडं लिहिलेलं दिसतं, पण कारण कुणी सांगत नाही. समुद्र ओलांडला की आवड बदलते का काय?

रूममेटचं म्हणणं, लोकसंख्येच्या हिशोबानं तक्ता मांड आणि मोकळा हो. मला ते पटेना. कुणी यातलं जाणकार असेल तर सांगा. पुढच्या आठवड्यात पहिला मसुदा द्यायचाय.

जालन्याचा_जुगाड

कामून एवढा ताप करून घेतलास बे? रूममेट बरोबर सांगायला. जर्मनी ८.४ कोटी म्हणजे पहिला नंबर, ब्रिटन-फ्रान्स त्याच्या खाली, मग इटली, मग स्पेन. खाली दोन रंगीत ग्राफ टाक. परीक्षकाला स्वतः खेळता येत असेल तर तो परीक्षक कशाला झाला असता.

लातूरचा_पार्लरवाला

नांदेडकर, वरच्या भाऊंचं ऐकू नको. जर्मनी लोकसंख्येनं मोठा, पण कन्सोलच्या बाबतीत वर्षानुवर्षं ब्रिटन त्याच्या पुढं राहिला. तुझा तक्ता पहिल्याच ओळीला खोटा ठरायचा.

मी लातूरला ट्यूशन एरियात गेम पार्लर चालवायचो. आता कंट्रोलर आणि मोबाईल दुरुस्ती करतो. आपल्याकडं पोरं बाहेरगावाहून डॉक्टर व्हायला यायची आणि फिजिक्सचा तास बुडवून माझ्याकडं फुटबॉल खेळत बसायची. त्यांच्या आईबापांचा तळतळाट मी बराच घेतलाय. खेळाडू पळवायचा म्हणून कंट्रोलरची डावी काडी सतत पुढं रेटलेली असायची. तिच्यावरचं रबर आधी गुळगुळीत व्हायचं, मग फाटायचं, आणि मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्यावर चढवायचो. उजव्या काडीचं रबर मात्र वर्षानुवर्षं नव्यासारखं. हे सांगण्याचं कारण पुढं येतं.

आमच्याकडचे पीएस२ 'पाल' पद्धतीचे होते. टीव्हीवर चित्र दाखवायची ही पद्धत पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडं होती. अमेरिका आणि जपानची वेगळी, 'एनटीएससी'. एखादा पोरगा अमेरिकन डिस्कची कॉपी घेऊन आला की माझ्या जुन्या टीव्हीवर चित्र काळंपांढरं व्हायचं आणि वरवर सरकत राहायचं. पैसे परत माग म्हणायची पोरं.

आता तुझा ऑस्ट्रेलिया. सोनीची जी युरोपची शाखा होती, लंडनवाली, तिच्या ताब्यात युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया हे सगळं होतं, आणि भारतही तिच्याच हाताखाली होता. जुन्या अहवालात 'पाल प्रदेश' असा एकच रकाना दिसेल. पुढं लोकांनी तो उचलला आणि वर 'युरोप' असं लिहून टाकलं. म्हणजे ट्यूशन एरियातले आमचे रबर फाटलेले पीएस२ सोनीच्या वहीत माद्रिद आणि मिलानच्याच रकान्यात गेले असणार. युरोपचा आकडा दिसला की त्यात कोण कोण बसलंय हे आधी विचारायचं.

याच्या उलटंही होतं. हल्ली 'युरोपात या महिन्यात इतके टक्के कन्सोल जास्त खपले' अशा बातम्या येतात. त्यांची तळटीप वाच. तिथं पुष्कळदा लिहिलेलं असतं की हार्डवेअरच्या आकड्यात ब्रिटन आणि जर्मनी धरलेले नाहीत. दोन सगळ्यांत मोठी गिऱ्हाइकं बाहेर ठेवून युरोप मोजलेला! बातमीचा मथळा मात्र 'युरोपात'च असतो.

दुसरी गोष्ट, 'विकलं' म्हणजे कुणी कुणाला विकलं? पेरणीआधी बियाणं कंपनी कृषी सेवा केंद्रात पिशव्या उतरवते, तेव्हा कंपनीच्या कागदावर माल खपला. पाऊस लांबला तर त्याच पिशव्या दुकानात थप्पीला पडून राहतात. सोनी आणि निन्टेन्डो (तीही कन्सोल बनवणारी कंपनी) जे तिमाही आकडे देतात ते असे दुकानदाराकडं पाठवलेल्या मालाचे. बाजार मोजणाऱ्या संस्था काउंटरवरून गेलेला माल मोजतात. डिसेंबरनंतर या दोन आकड्यांत चांगलं अंतर पडतं. तू एका देशाचा पहिला आकडा आणि दुसऱ्याचा दुसरा घेतलास की तुलना गेली खड्ड्यात.

कंपन्यांचंही सारखं नाही. निन्टेन्डो जपान, अमेरिका खंड, युरोप आणि इतर असे वेगळे रकाने देतं. सोनी आता जगाचा एकच आकडा सांगते. मायक्रोसॉफ्टनं २०१५ पासून किती एक्सबॉक्स गेले हे सांगणंच बंद केलं. त्यानंतरचे जे फिरतात ते कुणीतरी बांधलेले अंदाज.

आता तुझा मूळ प्रश्न, ब्रिटनला एक्सबॉक्स आणि स्पेनला प्लेस्टेशन का.

यासाठी थोडं मागं जावं लागेल. अमेरिकेत आणि जपानमध्ये ऐंशीच्या दशकात निन्टेन्डोनं मैदान मारलं होतं, तेव्हा युरोपात पोरं कॉम्प्युटरवर खेळत होती. ब्रिटनमध्ये १९८२ ला झेडएक्स स्पेक्ट्रम आलं. गाण्याच्या कॅसेटसारख्या कॅसेटवर गेम, तीही खिशाला परवडणारी. जर्मनीत कमोडोर ६४ ची चलती, फ्रान्समध्ये अ‍ॅमस्ट्राडची. निन्टेन्डोनं युरोपकडं फार मनावर घेतलं नाही; कुठं खेळणी विकणाऱ्या मॅटेलला वितरण दिलं, फ्रान्समध्ये बान्दाईला. ती फट निन्टेन्डोच्या स्पर्धकानं, सेगानं हेरली. अमेरिकेत मार खाल्लेलं त्यांचं मास्टर सिस्टिम युरोपात बऱ्यापैकी चाललं आणि १९९० ला मेगा ड्राइव्ह आल्यावर ब्रिटनमध्ये सेगा निन्टेन्डोच्या पुढं होतं. तिथल्या चाळिशीतल्या माणसाला लहानपणचा गेम विचार, तो निन्टेन्डोच्या मारिओच्या आधी सेगाच्या सोनिकचं नाव घेईल. तोही हळू चालणारा सोनिक, कारण पाल टीव्ही ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारा, आणि गेम ६० हर्ट्झवर बांधलेला. बरेचसे गेम युरोपात सहाव्या हिश्श्यानं मंद चालायचे, वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या, आणि पैसे अमेरिकेपेक्षा कमी नाहीत.

सप्टेंबर १९९५ ला प्लेस्टेशन आलं. सोनीनं पोरांच्या खेळण्याचं दुकान सोडून लंडनच्या नाइटक्लबात यंत्रं मांडली. १९९७ पासून चॅम्पियन्स लीगच्या प्रायोजकांत शिरली. फुटबॉल! माझ्या डाव्या काडीचं रबर का फाटायचं ते आलं ना ध्यानात? स्पेन, इटली, पोर्तुगालमध्ये कन्सोल म्हणजे शुक्रवारी रात्री मित्र जमवून फुटबॉल, आणि मित्राकडं प्लेस्टेशन आहे म्हणून आपल्याकडंही तेच. भाषेचंही पाहिलं सोनीनं. नव्वदच्या शेवटापासून मोठ्या गेमांना स्पॅनिश, इटालियन आवाज द्यायला सुरुवात झाली. गेम आपल्या भाषेत बोलायला लागला की माणूस दुसरीकडं जात नाही. सेगानंही फुटबॉलच धरला होता, १९९९ ला ड्रीमकास्ट या कन्सोलच्या वेळी आर्सेनल क्लबच्या जर्सीवर नाव टाकलं. जर्सी खपल्या, ड्रीमकास्ट राहिलं.

मायक्रोसॉफ्टनं युरोपात जे केलं ते वाचून हसू येतं. मार्च २००२ ला पहिलं एक्सबॉक्स आणलं ४७९ युरोला. कुणी घेईना. सहा आठवड्यांत भाव २९९ युरो. आधी घेतलेल्यांना समजूत म्हणून दोन गेम आणि एक कंट्रोलर दिला. दुसऱ्या वेळी शहाणपण आलं: एक्सबॉक्स ३६० डिसेंबर २००५ लाच बाजारात, आणि सोनीचं पीएस३ युरोपात मार्च २००७ ला उगवलं, तेही ५९९ युरोला आणि ब्रिटनमध्ये ४२५ पौंडाला. अमेरिका-जपानला ते नोव्हेंबर २००६ लाच मिळालं होतं. त्यातल्या ब्लू-रे डिस्क वाचणाऱ्या लेसरचा तुटवडा, म्हणून युरोप मागं. हे सव्वा वर्ष ब्रिटननं एक्सबॉक्सला दिलं. इंग्रजीतच गेम, इंग्रजीतच ऑनलाइन शिवीगाळ, अमेरिकन पोरांशी खेळायची सोय. तिथं ३६० पीएस३ च्या पुढं राहिलं. स्पेन-इटलीवाले मात्र थांबले आणि महाग असूनही पीएस३ च घेतलं.

मग नोव्हेंबर २०१३. एक्सबॉक्स वन ४९९ युरो, पीएस४ ३९९. शंभर युरोचा फरक, आणि वर मायक्रोसॉफ्टनं आधी सांगितलेल्या यादीतून आठ देश वगळले: बेल्जियम, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, रशिया. हे खाऊनपिऊन सुखी लोक, भाव न विचारता घेणारे. त्यांना सप्टेंबर २०१४ ला दिलं, आपल्या भारताबरोबर. तोवर तिथल्या घराघरात पीएस४ पोचलेलं. मला विचारशील तर बाकी युरोपात एक्सबॉक्सची जी गत झाली तिचं निम्मं कारण ही एक यादी आहे. आवडनिवड वगैरे नंतर. दुकानात मालच नसेल तर गिऱ्हाईक काय घेणार?

बाकी उद्या लिहितो, एक पोरगा चार्जिंग पिन घेऊन दारात उभा आहे.

उदगीर_ते_श्टुटगार्ट

पार्लरवाले, जर्मनी तुम्ही एका वाक्यात उरकलीत, म्हणून मी घालतो भर. इथं नोकरीला आहे.

इथं मुख्य प्रकरण पीसीचं. ऑफिसातले माझ्या वयाचे लोक अमिगा आणि कमोडोर या जुन्या कॉम्प्युटरवर वाढलेले, नंतर तेच पीसीवर सरकले. टीव्हीखाली कन्सोल असतं, पण पोरांसाठी. आणि कायदा. बाकी बहुतेक युरोप 'पेगी'चं वयाचं रेटिंग मानतो, जर्मनीचं स्वतःचं 'यूएसके' १९९४ पासून आहे. रक्तपाताच्या बाबतीत ते पूर्वी फार कडक होते. २००६ ला 'गिअर्स ऑफ वॉर' हा एक्सबॉक्सचा हुकमी गेम आला. यूएसकेनं रेटिंग दिलं नाही, मग मायक्रोसॉफ्टनं इथं तो आणलाच नाही. ज्या गेमसाठी ब्रिटनमध्ये लोक यंत्र विकत घेत होते, तोच इथल्या दुकानात नाही. एक्सबॉक्स इथं का रुजलं नाही याची कारणं शोधताना हे विसरू नका.

आणि जर्मन माणूस संध्याकाळी कामावरून येऊन काय खेळतो? शेती! 'फार्मिंग सिम्युलेटर', स्वित्झर्लंडच्या कंपनीचा. नवा आला की इथं पीसीच्या यादीत वर जाऊन बसतो. त्यात क्लास, फेंट हे खरे ट्रॅक्टर आहेत. सोयाबीन, कापूस, ऊस तिन्ही पिकं आहेत, म्हणजे आपला अख्खा जिल्हा. मी एकदा व्हिडिओ कॉलवर मामांना दाखवला. मामांनी पाच मिनिटं बघितलं, कापूस आपोआप गोळा होताना पाहिला आणि म्हणाले, "ह्याला वेचणीची बाई मिळत नाही ही अडचणच नाही का?" पुढं बोललेच नाहीत.

फ्रान्सचं वेगळं. तिथं निन्टेन्डोला मान आहे. १९७८ पासून टीव्हीवर जपानी कार्टून, आणि जपाननंतर मांगा (जपानी कॉमिक्स) सगळ्यात जास्त खपतो तो फ्रान्समध्येच. जपानी पात्रं तिथल्या पोरांना परकी वाटत नाहीत. त्यामुळं तिथल्या दुकानात निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचा कप्पा बघून मला नवल वाटलं नाही.

अंबाजोगाईची_अकाउंटंट

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो, बिलं मी भरते. म्हणून भावाचं बोलते.

गोदाकाठ, तुझ्या तक्त्यात किमतीचा रकाना घाल, आणि तो नुसता युरोत घालू नकोस. व्हॅट जर्मनीत १९ टक्के, फ्रान्स-ब्रिटनमध्ये २०, स्पेन २१, इटली २२, पोलंड-पोर्तुगालला २३, हंगेरीत २७. छापील किंमत सगळीकडे एकच ठेवली, तर जास्त व्हॅटच्या देशात कंपनीच्या हाती कमी उरतं. गिऱ्हाइकाच्या बाजूनं तर फरक आणखी मोठा: जर्मन पगारदाराला ५०० युरो आणि पोर्तुगीज पगारदाराला ५०० युरो हे एकच ओझं नव्हे. पोर्तुगाल हा लोकसंख्येनं आपल्या मराठवाड्यापेक्षा लहान देश आहे, एक कोटीच्या आसपास (आपण २०११ च्या जनगणनेत १.८७ कोटी होतो), तरी तिथं दरडोई विक्री काढून जर्मनीशी लावायची असेल तर पगार बाजूला ठेवून चालणार नाही.

ऑगस्ट २०२२ ला सोनीनं पीएस५ ची किंमत युरोपात ४९९ वरून ५४९ युरो केली, ब्रिटनमध्ये ४४९ वरून ४७९ पौंड. अमेरिकेत एक डॉलर वाढवला नाही. महागाई आणि चलनाचे दर हे कारण दिलं. म्हणजे त्यानंतरचा युरोपचा आकडा अमेरिकेच्या शेजारी ठेवून 'युरोपीय लोकांची हौस कमी झाली' असं लिहिलंस तर ते चुकीचं ठरेल. त्याच वर्षी आमच्याकडंही ४९,९९० चं ५४,९९० झालं आणि घरात दोन दिवस अबोला होता.

कराची एक गंमत सांगते, ती मला व्यावसायिक कारणानं आवडते. युरोपात पीएस२ सोबत जी डेमो डिस्क यायची तिच्यावर 'याबेसिक' नावाची छोटी प्रोग्रामिंगची सोय दिलेली होती. का, तर यंत्राला कॉम्प्युटर म्हणून दाखवता यावं, म्हणजे आयातीवरचा कर वाचेल. कागदोपत्री खेळणं की कॉम्प्युटर, यावर सोनी बरीच भांडली. कर चुकवायला कोण काय म्हणवून घेईल सांगता येत नाही!

गोदाकाठचा_गेमर

बापरे, मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पार्लरवाले काका, उद्या म्हणालात तर सांगा: मग मी घेऊ कोणते देश? सगळे घेतले तर जमायचं नाही. आणि पूर्व युरोपचं काय? पोलंड कुणीच नीट सांगितला नाही.

लातूरचा_पार्लरवाला

आलो. उदगीरकरांच्या मामांना माझ्याकडून राम राम.

पोलंड वेगळं प्रकरण आहे, त्याला या तक्त्यात कोंबू नको. नव्वदच्या दशकात तिथं निन्टेन्डोचं खरं यंत्र कुणाच्या घरात फारसं नव्हतं. 'पेगासस' नावाची नक्कल होती, तशीच रशियात 'डेन्डी'. आपल्याकडं जत्रेत आणि गंजगोलाईत मिळायचा तो टीव्ही गेम आठव, पिवळी कॅसेट, वर छापलेलं 'नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम' आणि आत निघायचे तेच सात-आठ. त्यातलाच प्रकार. ही यंत्रं कुठल्याच अधिकृत आकड्यात नाहीत. मग कॉम्प्युटर आला आणि लोक पीसीवर गेले. सीडी प्रोजेक्ट कंपनी १९९४ ला निघाली ती आधी परदेशी गेमच्या सीडी विकायलाच, १९९९ ला तर त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा गेम पोलिश आवाजात आणला. पोलंडमध्ये कन्सोलचा आकडा लहान दिसला म्हणून तिथं कुणी खेळत नाही असं मात्र लिहू नको.

देश चार घे: ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, जर्मनी. प्रत्येकाची उद्योगाची संघटना आहे. फ्रान्सची 'सेल', स्पेनची 'आएवी', जर्मनीची 'गेम', ब्रिटनची 'युकी'. त्यांचे वार्षिक अहवाल मोफत मिळतात, फ्रेंच-स्पॅनिश असले तरी भाषांतर करून वाचता येतात. पण काही ठिकाणी नगांची संख्या देतात, काही ठिकाणी नुसती उलाढाल, पैशात. हे दोन एका ग्राफवर ठेवू नको. उलाढाल वाढली म्हणजे यंत्रं जास्त गेली असं नाही. अंबाजोगाईच्या ताईंनी सांगितलं तसं भाव वाढला तरी उलाढाल वाढते.

आणि वर्ष निवडताना यंत्राचं वय बघ. नवीन कन्सोलचं पहिलं वर्ष आणि जुन्याचं सातवं वर्ष शेजारी ठेवू नको. पीएस५ नोव्हेंबर २०२० ला आलं तेव्हा चिप्सचा तुटवडा होता. तेव्हाचे आकडे मागणी सांगत नाहीत, कुणाला किती पेट्या मिळाल्या ते सांगतात. त्या दोन वर्षांत एखाद्या देशाचा आकडा कमी दिसला तर आधी पुरवठा तपास.

मी असतो तर एकच लढत घेतली असती, ३६० आणि पीएस३. आकडे त्या मानानं मिळतात, दोन्ही यंत्रांचा जन्म-मृत्यू झालेला आहे, आणि चारही देशांत निकाल सारखा नाही.

जालन्याचा_जुगाड

काका, एवढं लिहिलं तर त्याला मार्क किती मिळतील?

लातूरचा_पार्लरवाला

मार्कांचं सरांना विचार. नांदेडकर, एक राहिलं. एक्सबॉक्सच्या २०१५ नंतरच्या रकान्यात कुठूनतरी उचललेला अंदाज भरू नको. तो रकाना रिकामा सोड आणि खाली लिही की कंपनीनं आकडा दिला नाही. सरांनी विचारलं तर मायक्रोसॉफ्टकडं बोट दाखव. आणि मसुदा इथं टाक, तक्ता बघून सांगतो.